काळ्या गाठीचे मूळ गाव

आम्हा कोकणी माणसांना अनोळखी माणूस भेटला की नावापाठोपाठ त्याचे मूळ गाव विचारायची खोड आहे. वैद्यकाच्या इतिहासातही एक दुर्मिळ रोग याच प्रश्नापाशी अडतो. तो म्हणजे मेंदूत सापडणारी काळी गाठ, मेलॅनोमा.

मी रत्नागिरीचा शाळामास्तर, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. तेव्हा इतिहासच सांगतो. छातीचे ठोके ऐकण्याची नळी ज्यांनी पुढे शोधली, त्या फ्रान्सच्या लेनेक यांनी १८०६ साली या काळ्या रोगाचे वर्णन छापले. अशी गाठ बहुधा त्वचेवर उपजते आणि तेथून मेंदूत शिरते. परंतु १८५९ साली जर्मनीच्या फिरखो यांनी ती मेंदूच्या वेष्टनातच उपजल्याचे नोंदवले. १८६१ साली व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी अंगावरचे मोठे लासे आणि मेंदूवरचा काळेपणा एकाच रुग्णात दाखवला.

याचे कारण गर्भात आहे. तेथे मज्जारज्जूच्या काठावरून काही पेशी घर सोडून निघतात. त्यांतल्या रंग करणाऱ्या पेशी बहुतांशी त्वचेत वस्ती करतात; थोड्या मेंदूच्या वेष्टनात राहतात.

म्हणून गाठ सापडली की डॉक्टर रुग्णाची त्वचा तळपायापर्यंत तपासतात, डोळे पाहतात. अन्यत्र मूळ सापडले नाही, तरच ती मेंदूचीच ठरते. एम.आर.आय.च्या चित्रात हा काळा रंग पुष्कळदा पांढरा उजळतो, ही मोठी गंमत! आता पेशीतील जनुकांचे दोषही मूळ गावाची साक्ष देतात. गाठ एकाच जागी असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. मागे काही उरले तर किरणोपचार. वेष्टनभर पसरलेल्या रोगापुढे मात्र वैद्यक अजून दुबळे आहे. त्वचेच्या मेलॅनोमावर २०११ पासून नवी औषधे आली. या गाठीचे रुग्णच इतके थोडे, की त्यांचा येथे किती गुण येतो हे पारखणे अवघड.

मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. धोतर सैल नेसता येते, तंबाखू सोडता येते. या गाठीमागे मात्र असा कोणताही आचार आढळलेला नाही. आपल्याकडे आजार आला की घरातली माणसे कोणाचे काय चुकले ते शोधू लागतात, आणि बोट बहुधा आईकडे वळते. गाठीचे मूळ अवश्य शोधावे; त्यासाठी घरात अपराधी शोधू नये.