अळणी देवाच्या गावी

तिरुनागेश्वरम् हे कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटरवरचं गाव. इथल्या उप्पिलियप्पनच्या देवळातला नैवेद्य अळणी असतो. भूदेवी लहान होती, मीठ घालून रांधायचं तिला कळत नव्हतं. विष्णूने तिचं अळणी अन्नच पत्करलं, अशी कथा. 'ओप्पिलि' म्हणजे अतुल्य, 'उप्पिलि' म्हणजे बिनमिठाचा. एका स्वराने देवाचं नाव बदलतं, आणि भाषांतर करणाऱ्या माणसाला असा देव आपलाच वाटतो.

मी सध्या एका जपानी म्हणीपाशी अडले आहे: 'शत्रूला मीठ पाठवणे'. तिची गोष्ट काई प्रांतातली, म्हणजे आजच्या यामानाशीतली. दक्षिणेला फुजी, पश्चिमेला उंच पर्वतरांग, मध्ये कोफूचं खोरं, आणि जवळजवळ चार-पंचमांश भूमी जंगलाखाली. नद्या एकत्र येऊन फुजी नदीच्या रूपाने सुरुगा उपसागराला मिळतात, पण प्रांताला स्वतःचा किनारा नाही. तिथला सरदार ताकेदा शिनगेन. १५६७ च्या सुमारास दक्षिणेच्या इमागावांनी त्याचं मीठ अडवलं. उत्तरेचा उएसुगी केनशिन त्याचा कट्टर वैरी. तरी त्याने मीठ पाठवलं, असं सांगतात. अभ्यासकांचं म्हणणं जरा कोरडं आहे: त्याने आपल्याकडची वाट बंद केली नाही आणि व्यापारी मीठ विकत राहिले, एवढंच. मला हे कोरडं रूपच जास्त पटतं.

काईला किनारा कधीच नव्हता. तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखाला मात्र तो होता. या गावापासून पूर्वेला समुद्र जेमतेम पन्नास किलोमीटर. पण व्यंकोजीराजे आले तेव्हाच तरंगमबाडी १६२० पासून डॅनिशांकडे आणि नागपट्टिणम् १६५८ पासून डचांकडे होतं. पुढे १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांकडे गेलं, १७४९ मध्ये देवीकोट्टै इंग्रजांकडे. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर राहिला. नकाशावरचा किनारा जागचा हलला नव्हता. राजाला तिथवर जाणारी स्वतःची वाट उरली नव्हती. शाळेत 'भूवेष्टित' शब्द शिकलो तेव्हा त्याचा असाही अर्थ असेल, असं मला वाटलं नव्हतं.

१९३० च्या एप्रिलमध्ये राजाजींचे मीठ-सत्याग्रही वेदारण्यमला निघाले ते कुंभकोणमवरूनच. त्यांना अन्न किंवा आसरा देणाऱ्याला शिक्षा होईल, असं कलेक्टर थॉर्न याने बजावलं होतं. लोकांनी तरी त्यांना जेवू घातलं.

म्हण अजून अडलेलीच आहे. मराठीत मीठ खाणारा बांधला जातो, 'खाल्ल्या मिठाला जागतो'. 'शत्रूला मीठ पाठवलं' म्हटलं की केनशिन धनी होतो आणि शिनगेन त्याचा चाकर. नाहीतर जखमेवर मीठ चोळणं आठवतं. सध्या कच्च्या खर्ड्यात लिहून ठेवलं आहे: 'वैऱ्याच्या मिठाची वाट त्याने मोकळी ठेवली.' म्हण म्हणून हे लांबतं. संपादक विचारतील, तोवर राहू दे.