सोसायटीच्या आवारातील पाम

प्रवेशद्वारापासून इमारतीपर्यंत दुतर्फा उभी असलेली उंच, राखाडी-पांढऱ्या गुळगुळीत खोडांची झाडे हे मुंबई-पुण्यातील वसाहतींचे परिचित दृश्य आहे. रहिवासी त्यांना सरसकट 'बॉटल पाम' म्हणतात. प्रत्यक्षात ही बहुतेक झाडे क्युबा व फ्लोरिडाकडील 'रॉयल पाम' (रॉयस्टोनिया रिजिया) असतात. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा असून तो बुटका राहतो. हा फरक केवळ नावापुरता नाही. रोपवाटिकेतून आणलेले कमरेएवढे रोप पुढे ६० फुटांवर जाणार असेल, तर ते वाहनतळाच्या कडेला लावावे काय, याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

रॉयल पामची जुनी झावळी आपोआप गळते. प्रौढ झाडाची झावळी बारा फुटांची आणि वजनाने वीस किलोपर्यंत असू शकते. तिच्याखाली बाक किंवा घसरगुंडी ठेवणे धोक्याचेच. धोका झावळीपुरता नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून रस्त्याने जाणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला होता.

भीतीपोटी शेंडा छाटणे हा मात्र उपाय नव्हे. बहुतेक एकखोडी पामांचा वाढीचा कोंब एकच, शेंड्यावर असतो. तो गेला की झाड मरते आणि वाळलेले खोड अधिक घातक ठरते. आंबा किंवा वडाप्रमाणे पामच्या खोडावरील जखम भरून येत नाही. दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेल्या खिळ्यांच्या खुणा म्हणूनच कायम राहतात. हौसेपायी हे सर्रास केले जाते.

झावळ्यांवर त्रिकोणी काप दिसल्यास गेंड्या भुंग्याचा आणि खोडावरील छिद्रांतून तपकिरी द्रव झिरपत असल्यास सोंड्या भुंग्याचा संशय घ्यावा. गेंड्या भुंगा कुजत्या शेणखतात व पालापाचोळ्यात वाढतो. त्यामुळे पामच्या बुंध्याशी कचऱ्याचा ढीग ठेवू नये.

सह्याद्रीतील भेरली माडही आता बागांत लावला जातो. त्याच्या फळांच्या रसाने त्वचेला तीव्र खाज सुटते. त्याचा फुलोरा वरून खाली क्रमाने येतो आणि शेवटच्या घोसानंतर झाड वाळते. पहिला घोस दिसला की ते काढण्याची तयारी करण्यास काही वर्षांचा अवधी मिळतो.

झाड स्वतःच्या आवारातील असले तरी तोडण्याचा अधिकार सोसायटीला नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. पाहणी व मंजुरीस वेळ जात असल्याने अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी, छायाचित्रांसह करावा. झावळ्या उतरविण्यापूर्वी त्यांची खालची बाजूही पाहावी. ताडपाकोळी तेथेच घरटे चिकटवते.