मुंबईच्या ट्रामचा शेवटचा थांबा

मुंबईत ट्राम आली ती घोड्यांच्या जोरावर. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर ती सुरू झाली. आरंभी भाडे होते तीन आणे आणि तिकीट दिले जात नसे. फुकटे प्रवासी वाढले तेव्हा, त्याच वर्षी, तिकिटे छापावी लागली. ही ट्राम आणणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज कंपनीची कचेरी कुलाबा कॉजवेवर होती, आज जिथे इलेक्ट्रिक हाऊस आहे तिथे. घोडा दिवसातले काही तासच गाडी ओढू शके. त्यामुळे एकेका गाडीमागे अनेक घोडे पोसावे लागत आणि कंपनीचा मोठा पसारा तबेल्यांतच असे. दाणा, वैरण, नालबंद, पाण्याचे हौद हे सारे त्यात आले.

१९०५ मध्ये कारभार बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे गेला आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. तबेल्यांची गरज संपली. त्यांची जागा आगारांनी घेतली. रात्री गाड्या उभ्या करायला रूळ आणि त्यांवर विजेच्या तारा अशी ही आगारे. गर्दीला पुरे पडावे म्हणून १९२० मध्ये दुमजली ट्रामही आल्या. १९२६ मध्ये बस आली, आणि ट्रामची खरी प्रतिस्पर्धी तीच ठरली. बसला वाट बदलता येते, रुळावरच्या गाडीला नाही. ट्रामचे आगारही तसेच रुळांना बांधलेले. रूळ गेले की त्याला काही अर्थ उरत नाही.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ही सेवा ताब्यात घेतली. तोवर रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या आणि मधोमध चालणारी ट्राम वाहतुकीला अडथळा वाटू लागली होती. एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, खच्चून भरलेली. पुढे रूळ उखडले गेले, काही डांबराखाली गेले. फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात त्यांचे तुकडे पुन्हा हाती लागले. ज्या सेवेने नव्वद वर्षे शहर चालवले, तिची एखादी तरी वास्तू ट्रामचे आगार म्हणून जपायला हवी होती. नाव मात्र टिकले: दादरच्या खोदादाद सर्कलला मुंबईकर अजूनही दादर टी.टी. म्हणतात. ही दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस.