पेस्तनजींचा वऱ्हाडांतील इजारा

राज्यास सावकार मिळाला म्हणजे खजिन्याची नड तेवढ्यापुरती भागते. परंतु तो भार अखेर कोणावर पडतो, हें पाहूं इच्छिणारानें वऱ्हाडांतील पेस्तनजी मेहेरजींचें प्रकरण अवश्य पाहावें.

तारापूरचे विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीनें १८२५-२६ सालीं वऱ्हाडचा कापूस प्रथमच मोठ्या प्रमाणावर मुंबईस नेला. कुळांस आगाऊ रकमा देऊन तिनें खामगांव वगैरे ठिकाणीं गठ्ठे दाबण्याचीं यंत्रें बसविलीं. या व्यापाराचा आवाका लहान नव्हता. १८४२ त अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास धाडला, असें सांगतात.

निजामाचे कारभारी राजा चंदुलाल यांस रोकड पैशाची सदैव टंचाई असे. १८३९ त पुरणमल सावकाराकडील इजारा काढून तो या पेढीस देण्यांत आला, आणि १८४१ त सरकारी कर्जाच्या फेडीसाठीं वऱ्हाडच्या महालांचा मोठा वसूल तिला लावून दिला. सावकारानें रक्कम आधीं भरावी व ती व्याजासह वसुलांतून वळती करून घ्यावी, असा हा व्यवहार. रयतेचा धनको, तिच्या मालाचा खरीददार आणि साऱ्याचा वसूलदार असा एकच झाला.

१८४३ त चंदुलालांनीं पद सोडलें. १८४५ त पेढीचे महाल गेले. तिनें इंग्रजांकडे दाद मागितली, पण ती लागली नाहीं. कर्ज राज्याचें असलें तरी आधार एका कारभाऱ्याच्या शब्दाचा होता.

पुढें कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायीं कंपनीचेंच देणें थकलें, आणि २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड तिच्या कारभाराखालीं गेलें. १८६० त पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें, तरी प्रांत परत मिळाला नाहीं. १९०२ त तो सालीना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडेच राहिला. पेस्तनजींच्या इजाऱ्याहून हा व्यवहार जातीनें निराळा नव्हता. भेद इतकाच कीं या सावकारापाशीं फौज होती; त्यास काढणार कोण?

पेस्तनशाही रुपया आमचे नाणेसंग्राहक जपून ठेवितात. अकोला, बाळापूर, खामगांव व अमरावती येथील जुन्या पेढ्यांचे रोजमेळ आणि खतावण्या मात्र रद्दींत जातात. रुपया कोणाच्या नांवें पडला हें नाणें सांगेल. तो कोणाच्या घरांतून निघाला, हें सांगण्याचें सामर्थ्य त्या चोपड्यांतच आहे.