गुऱ्हाळ आणि कारखाना
संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून ख्यात असलेल्या गोदातीरीच्या गंगाखेड तालुक्यात आज साखर कारखाना उभा आहे. परंतु उसाचा रस शुद्ध करण्याची विद्या त्याहून फार प्राचीन होय. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळून, भेंडीच्या चिकट रसाने मळ वर आणून तो काढीत. जाळ केव्हा आवरावा हे जाणणारा गुळव्या हाच तेथील रसायनवेत्ता. कारखान्यात मळी वेगळी होऊन शुभ्र दाणे उरले. मात्र काहिलीबरोबर मालकीही शेतकऱ्याच्या हातून निसटली. प्रवरेकाठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला, तो ती परत मिळविण्याकरिता. म्हणून साखरेच्या इतिहासात रस किती शुद्ध झाला याबरोबरच काहील कोणाची, हेही वाचकांनी पाहावे.