चार्ल्स वुडसन : बचावफळीतला मानकरी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान म्हणजे हाइझमन करंडक. १९३५ पासून दिला जाणारा हा करंडक बहुतेक वेळा क्वार्टरबॅक किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्याच पदरात पडत आला. प्रामुख्याने बचाव करणाऱ्या खेळाडूला तो मिळाल्याचे उदाहरण एकच, ते म्हणजे १९९७ चा विजेता, मिशिगन विद्यापीठाचा कॉर्नरबॅक चार्ल्स वुडसन. (२०२४ चा विजेता ट्रॅव्हिस हंटर आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंनी जवळजवळ पूर्ण वेळ खेळत असे.)

७ ऑक्टोबर १९७६ रोजी ओहायो राज्यातील फ्रीमाँट येथे जन्मलेल्या वुडसनची पावले जन्मतः वाकडी होती. वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत त्याच्या पायांना आधारपट्ट्या लावाव्या लागल्या. शालेय फुटबॉलमध्ये राज्यातील सर्वोत्तम ठरल्यावर मात्र त्याने निवड केली ती ओहायोचे हाडवैरी असलेल्या मिशिगनची.

१९९७ च्या हंगामात त्याने प्रतिस्पर्ध्यांचे आठ पास हवेतच हिरावून घेतले. मिशिगन स्टेटविरुद्ध मैदानाच्या कडेला उंच झेपावत एका हाताने टिपलेला चेंडू आजही आवर्जून दाखवला जातो. पण खरी कसोटी लागली २२ नोव्हेंबरला, ओहायो स्टेटविरुद्ध. वुडसनने ३७ यार्डांचा पास झेलला, प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू घेऊन ७८ यार्ड धावत टचडाउन केले आणि पुढे प्रतिस्पर्ध्याचा एक पास आपल्या एंड झोनमध्ये अडवला. मिशिगनने सामना २०-१४ असा जिंकला.

करंडकाचा हक्काचा दावेदार होता टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. व्यावसायिक फुटबॉलचे दार उघडे असताना तो शेवटच्या वर्षासाठी विद्यापीठात थांबला होता. मतदानात वुडसनला १,८१५, तर मॅनिंगला १,५४३ गुण मिळाले. टेनेसीच्या चाहत्यांना हा निकाल पचला नाही. त्यांच्या रागात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. ती ७८ यार्डांची धाव नसती, तर निव्वळ बचावाच्या बळावर वुडसन जिंकला असता का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. बचावपटूचे उत्तम काम बहुधा दिसतच नाही, कारण त्याच्या दिशेला पास फेकण्याचे धाडसच कोणी करत नाही. १ जानेवारी १९९८ रोजी रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटचा २१-१६ असा पराभव करून मिशिगन अपराजित राहिले. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत १९४८ नंतर प्रथमच ते अव्वल ठरले, तर प्रशिक्षकांच्या मतदानात हा मान नेब्रास्काला मिळाला.

त्याच वर्षी ओकलंड रेडर्सने वुडसनला चौथ्या क्रमांकावर निवडले. २००६ मध्ये तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला, तेव्हा दुखापतींमुळे त्याचा बहर ओसरल्याची चर्चा होती. तिथे २००९ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो एनएफएलचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. पुढच्या हंगामात त्याला सुपर बोलचे विजेतेपदही मिळाले. अंतिम सामन्यात गळ्याजवळचे हाड मोडल्याने उत्तरार्ध मात्र त्याला बाहेर बसून पाहावा लागला. २०१५ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ६५ इंटरसेप्शन होते. २०२१ मध्ये पहिल्याच संधीत त्याची व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. त्याच तुकडीत मॅनिंगही होता.