बेतणाऱ्याचा वाटा

मिरजेत अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. कापड ते स्वतः बेतत. शिवायला कारागीर होता, आणि काजबटणं गल्लीतल्या बायका घरी नेऊन करत. गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या शिलाईतला उरलेला पैसा अब्बांचा. तो हलाल कसा, हा माझा पोरवयातला प्रश्न.

पुढे कळलं, वाद फार जुना आहे, आणि शिंप्याचाच आहे. एकाने ठरावीक मजुरीवर कापड शिवायला घेतलं आणि कमी पैशांत दुसऱ्याला दिलं, तर? काही जुन्या फकीहांना, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र्यांना, हे खटके. निदान कापड तरी स्वतः बेतलेलं असावं, असं ते म्हणत. (अब्बा इथे सुटले!) हनफी पंडित कासानीने मात्र वेगळं बोट ठेवलं. नफ्याचा हक्क भांडवलाने मिळतो, मेहनतीने मिळतो, तसाच जबाबदारीनेही मिळतो. काम अंगावर घेतलं की ते पुरं करून देणं त्याच्याच माथी. म्हणून वरचा पैसा त्याला चालतो. हा कासानी 1191 साली सीरियातल्या हलबमध्ये (अलेप्पोत) वारला. त्याची बायको फातिमा स्वतः फकीह होती, आणि तिच्या वडिलांच्या ग्रंथावर त्याने लिहिलेलं भाष्य हाच तिचा मेहर, नवऱ्याने बायकोला द्यायचं विवाहधन, ठरला होता.

1869 ते 1876 दरम्यान तयार झालेल्या उस्मानी ‘मजल्ला’ कायद्यानेही कारागिराला दुसऱ्याकडून काम करवून घ्यायची मोकळीक दिली. अट एकच, ‘तूच कर’ असं ठरलेलं नसावं.

आमच्याकडे लग्नाची शेरवानी टाकणारे नेमकं तेच बजावत, “मास्तर, तुमच्याच हातची पायजे.” त्या रात्री कारागीर लवकर घरी जाई.